सगळ्याच कॉलेज विद्यार्थ्यांना चांगलं लिहिता यायला हवं का? दीडशे वर्षं चाललेला वाद

२०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पुण्यात स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. मुद्दा होता एमपीएससीच्या बदललेल्या पॅटर्नचा. तोवर राज्यसेवेची मुख्य परीक्षा भाषेचा एक पेपर सोडला तर बहुपर्यायी होती. चार पर्याय, त्यातला एक गोल काळा करायचा. आयोगाने ती यूपीएससीसारखी वर्णनात्मक करायचं ठरवलं. म्हणजे उत्तरं स्वतःच्या शब्दांत लिहायची, शिवाय २५० गुणांचा निबंधाचा वेगळा पेपर द्यायचा. आंदोलकांचं म्हणणं होतं की बदल जरूर करा, पण २०२५ पासून करा, तयारीला वेळ द्या. काही उमेदवारांना मात्र नवी पद्धत लगेचच हवी होती. शेवटी फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने २०२५ ची मुदत मान्य केली.

वेळ मागण्याची कारणं खरी होती. अभ्यासक्रम बदलला होता, वैकल्पिक विषय नव्याने घ्यावा लागणार होता, बहुपर्यायीच्या तयारीत घातलेली वर्षं वाया जाणार होती. पण या मागणीच्या पोटात आणखी एक गोष्ट होती. राज्यसेवेला बसायची अटच मुळी पदवी ही आहे. म्हणजे आंदोलनातल्या बहुतेकांनी तीन-चार वर्षं कॉलेजात काढली होती, ढीगभर उत्तरपत्रिका आणि पुरवण्या लिहिल्या होत्या. तरीही 'लिहून उत्तर द्या' म्हटल्यावर पुन्हा पहिल्यापासून तयारी करावी लागणार होती. मग पदवी घेताना लिहिलेल्या त्या पानांतून नेमकं काय शिकून झालं होतं?

कॉलेजात शिकणाऱ्या प्रत्येकाकडून चांगल्या लेखनाची अपेक्षा ठेवावी का, हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. त्यावर सगळ्यात जास्त डोकेफोड अमेरिकेत झाली आहे. तिथे इंजिनीअर होणाऱ्यापासून नर्स होणाऱ्यापर्यंत जवळपास प्रत्येकाला पहिल्या वर्षी लेखनाचा वर्ग करावा लागतो. ही पद्धत कशी सुरू झाली आणि तिचं पुढे काय झालं हे पाहिलं, तर आपला घोटाळा कुठे आहे तेही दिसायला लागतं.

'चांगलं लिहिणं' म्हणजे काय?

आधी एक गुंता सोडवायला हवा. मराठीत 'त्याचं लेखन चांगलं आहे' या वाक्याचे किमान तीन अर्थ होतात. अक्षर चांगलं आहे, शुद्धलेखन चांगलं आहे, किंवा तो मुद्दा नीट मांडतो. शाळेत पहिल्या दोन गोष्टींवर लाल शाई खर्च होते. तिसरी गोष्ट कुणी शिकवत नाही, ती आपोआप येईल असं धरलं जातं.

कॉलेजच्या विद्यार्थ्याकडून अपेक्षा असते ती या तिसऱ्या गोष्टीची. एखादा मजकूर वाचून त्यातलं मुख्य म्हणणं चार ओळींत सांगणं, स्वतःचा मुद्दा कारणांसकट मांडणं, समोरच्याला विषय माहीत नाही हे लक्षात ठेवून लिहिणं. यात साहित्यिक होण्याचा काही संबंध नाही. प्रयोगाचा अहवाल, बँकेला पाठवायची तक्रार, ग्रामपंचायतीला द्यायचा अर्ज, ऑफिसमधला ईमेल, सगळ्याला हेच लागतं.

हार्वर्डची मुलं नापास होतात

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कॉलेज म्हणजे लॅटिन, ग्रीक आणि वक्तृत्व. मुलं भाषणं पाठ करायची, वादविवाद करायची. इंग्रजी ही घरची भाषा, ती काय शिकवायची, असा समज होता. १८६९ मध्ये चार्ल्स एलियट हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी ही घडी मोडायला घेतली. त्यांनी ॲडम्स शर्मन हिल या आपल्या जुन्या वर्गमित्राला बोलावून घेतलं. हिल हे पेशाने पत्रकार.

१८७४ पासून हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेत इंग्रजी निबंध सक्तीचा झाला. आधी जाहीर केलेल्या पुस्तकांपैकी एखाद्यावर छोटा निबंध लिहायचा. स्पेलिंग, विरामचिन्हं, व्याकरण, मांडणी सगळं तपासलं जाणार. पुस्तकांच्या यादीत शेक्सपिअरची नाटकं होती, वॉल्टर स्कॉट होता, गोल्डस्मिथ होता. निकाल धक्कादायक लागला. १८७९ च्या परीक्षेत जवळपास निम्मे उमेदवार नापास झाले. ही गरिबांची मुलं नव्हती. देशातल्या सगळ्यात महागड्या खासगी शाळांतून आलेली, घरी पुस्तकांची कपाटं असलेली मुलं होती.

हार्वर्डने १८८५ मध्ये पहिल्या वर्षालाच लेखनाचा वर्ग सक्तीचा केला. हा तात्पुरता उपाय आहे, शाळा सुधारल्या की बंद करू, असा विचार होता. तो वर्ग बंद तर झाला नाहीच, उलट देशभरच्या कॉलेजांनी उचलला.

लगेच दुसरी अडचण उभी राहिली. लिहायला लावलं तर ते वाचायचं कुणी? बॅरेट वेंडेल नावाचे प्राध्यापक विद्यार्थ्यांकडून रोज एक छोटं लेखन करून घ्यायचे. कल्पना सुंदर होती. रोज काहीतरी बघा आणि लिहा. पण त्यांच्याकडे वर्षाकाठी वीस हजारांच्या वर कागद साचायचे. १८९२ मध्ये हार्वर्डने नेमलेल्या तिघांच्या समितीने या कामाचा अहवाल दिला. समितीत एक माजी रेल्वे कंपनी अध्यक्ष होते, एक वृत्तपत्राचे संपादक होते. त्यांनी विद्यार्थ्यांचे निबंध चुकांसकट छापून टाकले आणि निष्कर्ष काढला की हे हमालीचं काम कॉलेजचं नाही, शाळांनी करावं.

शाळांनी आपल्या परीने हा चेंडू आणखी खाली ढकलला. हे ओळखीचं वाटत असेल तर नवल नाही. आपल्याकडेही पदव्युत्तर विभाग पदवी कॉलेजला, पदवी कॉलेज ज्युनिअर कॉलेजला आणि ज्युनिअर कॉलेज शाळेला दोष देतं. शाळेला पुढे ढकलायला फक्त पालक उरतात.

'हल्लीच्या मुलांना लिहिताच येत नाही'

यानंतर दर पिढीत हीच ओरड पुन्हा झाली. सगळ्यात गाजली ती १९७५ च्या डिसेंबरमधली. 'न्यूजवीक' या साप्ताहिकाने 'जॉनीला का लिहिता येत नाही' अशा मथळ्याची मुखपृष्ठकथा केली. टीव्हीला दोष दिला गेला, ढिल्या शिक्षणपद्धतीला दिला गेला. पुढे हीच जागा एसएमएसने घेतली, मग व्हॉट्सॲपने, मग इमोजीने.

पण खरंच लेखन बिघडत गेलं का? याचं उत्तर कुणीतरी मोजून काढलं आहे. रॉबर्ट कॉनर्स आणि अँड्रिया लन्सफोर्ड या दोन अभ्यासकांनी १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉलेजांतून विद्यार्थ्यांचे निबंध गोळा केले, त्यातले ३,००० निवडले आणि चुका मोजल्या. मग त्यांनी जुने अभ्यास शोधून तुलना केली. १९१७ मध्ये दर १०० शब्दांमागे सुमारे २.११ चुका होत्या. १९३० मध्ये २.२४. १९८६ मध्ये २.२६. पुढे लन्सफोर्ड यांनी आणखी एका सहकाऱ्याबरोबर २००६ चे निबंध तपासले, तेव्हा आकडा २.४५ निघाला.

म्हणजे नव्वद वर्षांत रेडिओ आला, टीव्ही आला, कॉम्प्युटर आला, मोबाइल आला, आणि चुकांचं प्रमाण जवळपास जागच्या जागी राहिलं. बदलला तो निबंधाचा आकार. १९१७ मध्ये विद्यार्थी सरासरी १६२ शब्द लिहायचा, १९८६ मध्ये ४२२, आणि २००६ मध्ये हजाराच्या वर. चुकांचा प्रकारही बदलला. स्पेलचेकमुळे स्पेलिंगच्या चुका खूप कमी झाल्या आणि 'चुकीचा शब्द वापरणं' पहिल्या क्रमांकावर आलं. त्यातले काही शब्द तर स्पेलचेकनेच सुचवलेले असणार. मराठी कीबोर्डवर टाईप करताना भलताच शब्द उमटून गेल्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

व्याकरण घोकून घेतलं तर लेखन सुधारतं, हा आणखी एक लाडका समज. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने लेखनावरच्या तोवरच्या संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष शिक्षकांना झोंबला. सुटं व्याकरण शिकवण्याचा लेखन सुधारण्यावर परिणाम नगण्य असतो, उलट प्रत्यक्ष लिहिण्याचा वेळ त्यात जात असल्याने नुकसानही होऊ शकतं, असं त्यात म्हटलं होतं.

न्यूयॉर्कमधले चार हजार निबंध

या सगळ्या वादाला खरं वळण मिळालं ते न्यूयॉर्कमध्ये. तिथलं सिटी कॉलेज १८४७ मध्ये सुरू झालं. शिकण्याची फी नाही, पण प्रवेशासाठी गुण मात्र जबरदस्त हवेत. कामगारांच्या, स्थलांतरितांच्या हुशार मुलांचं हे कॉलेज. गंमत म्हणजे ते हार्लेमसारख्या कृष्णवर्णीय वस्तीत उभं होतं आणि वर्गात बहुसंख्य मुलं गोरी होती. १९६९ मध्ये कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या आवाराचा ताबा घेतला. शहरातल्या शाळांत जी मुलं शिकतात, त्यांना शहराच्या कॉलेजात जागा मिळाली पाहिजे, ही त्यांची मागणी होती.

विद्यापीठाने ती मानली. १९७० च्या हंगामापासून न्यूयॉर्क शहरात बारावी झालेल्या प्रत्येकाला सिटी युनिव्हर्सिटीच्या कुठल्या ना कुठल्या कॉलेजात प्रवेश मिळू लागला. आदल्या वर्षी पहिल्या वर्षाला सुमारे २० हजार मुलं होती, ती एकदम ३५ हजारांवर गेली. त्यांतल्या अनेकांनी आयुष्यात कधी सलग दोन पानं लिहिली नव्हती.

या मुलांना लिहायला शिकवायची जबाबदारी होती मीना शॉनेसी यांच्यावर. त्या १९६७ पासून सिटी कॉलेजात होत्या. त्यांच्या कार्यक्रमात एड्रियन रिच, ऑड्री लॉर्ड यांच्यासारख्या पुढे जगभर नाव झालेल्या कवयित्रीही शिकवत होत्या. पहिल्या निबंधांचा गठ्ठा हातात आला, तेव्हा शॉनेसी वर्गात एकट्याच बसून ते पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या. सुरुवात कुठून करायची हेच कळत नव्हतं, असं त्यांनी पुढे लिहिलं आहे.

इथे दोन रस्ते होते. 'ही मुलं कॉलेजच्या लायकीची नाहीत' म्हणून मोकळं होणं हा एक. अनेक प्राध्यापकांनी तो घेतला. 'या मुलांकडून लेखनाची अपेक्षाच ठेवू नका, बहुपर्यायी परीक्षा घ्या' हा दुसरा. तोही बऱ्याच ठिकाणी घेतला गेला. शॉनेसींनी तिसरंच काही केलं. १९७० ते १९७४ या काळात नव्या विद्यार्थ्यांनी लिहिलेले सुमारे ४,००० निबंध त्यांनी ओळीने वाचून काढले आणि प्रत्येक चुकीला एकच प्रश्न विचारला: ही चूक करताना विद्यार्थी काय विचार करत असेल?

त्यातून १९७७ मध्ये 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' हे पुस्तक आलं. नावाचा सरळ अर्थ 'चुका आणि अपेक्षा'. त्यातला मुख्य मुद्दा असा की ही मुलं मंद नाहीत, ती नवशिकी आहेत. नवशिका चुकतच शिकतो. त्यांच्या चुका अंदाधुंद नसतात. बहुतेक चुकांमागे एखादा नियम असतो, तो अर्धवट ऐकलेला किंवा नको तिथे लावलेला. शॉनेसींनी एक साधा हिशोबही मांडला. अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय शाळेतला मुलगा आठवड्याला साधारण ३५० शब्द लिहितो, तर त्यांच्या वर्गात आलेल्या मुलाने अख्ख्या सत्रात तेवढे लिहिलेले असतात. कधी कधी तेही नाही.

पुस्तक आल्यावर पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, शॉनेसी वारल्या. तोवर शहराचं दिवाळं निघायची वेळ आली होती, शिक्षकांना कामावरून कमी केलं जात होतं आणि १९७६ मध्ये सिटी युनिव्हर्सिटीत फी सुरू झाली होती.

'आणी' लिहिणारा मुलगा कुठे चुकतो?

शॉनेसींची नजर मराठीला लावून पाहण्यासारखी आहे. 'आणी' असं लिहिणाऱ्याला आपण सर्रास अशुद्ध म्हणतो. पण मराठी शुद्धलेखनाचा नियम काय आहे? शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहायचा. कवी, गुरू, पाटी, वस्तू. 'आणि' हा त्याला अपवाद. म्हणजे 'आणी' लिहिणाऱ्याने नियम मोडलेला नसतो, तो जरा जास्तच पाळलेला असतो. त्याला 'शुद्धलेखन सुधारा' असा शेरा देऊन काही होत नाही. 'तुझा नियम बरोबर आहे, हा शब्द अपवाद आहे' एवढं सांगितलं तर एका वाक्यात काम होतं.

तसंच 'पानी' आणि 'पाणी' यांचं. ज्याच्या घरी, गावात सगळे 'पानी' म्हणतात, तो तसंच लिहिणार. त्याच्या कानाने त्याला बरोबर सांगितलेलं असतं. प्रमाण मराठी ही त्याच्यासाठी थोडी परकी भाषा आहे, ती जाणीवपूर्वक शिकावी लागते. ज्याच्या घरी प्रमाण मराठीच बोलतात, त्याला ही मेहनत नसते. दोघांच्या पेपरला एकच लाल पेन लागतं, पण त्यातला एक काही मैल पुढून निघालेला असतो.

अमेरिकेत या मुद्द्यावर मोठी ठिणगी पडली होती. कॉलेजात लेखन शिकवणाऱ्या शिक्षकांच्या संघटनेने १९७४ मध्ये ठराव केला की विद्यार्थ्यांना स्वतःच्या बोलीचा हक्क आहे. टीकाकारांनी लगेच 'म्हणजे आता चुकाच शिकवणार का' म्हणून झोड उठवली. शॉनेसी मधल्या वाटेने गेल्या. बोलीला कमी लेखू नका, पण प्रमाण भाषा शिकवायचं टाळूही नका. कारण ती येत नसल्याची किंमत शिक्षक मोजत नाही, विद्यार्थी मोजतो. हे म्हणणं आजही पटण्यासारखं आहे. बोलीभाषेतल्या मुलाला 'तू जसं लिहितोस तसंच लिही' असं प्रेमाने सांगणारे प्राध्यापक स्वतःच्या मुलांना मात्र प्रमाण भाषेत घडवत असतात.

मग अपेक्षा ठेवायचीच कशाला?

सगळ्यांकडून चांगल्या लेखनाची अपेक्षा नको, असं म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. एखादी मुलगी गणितात अफाट असते, यंत्र खोलून जोडू शकते, पेशंटला बघून आजार ओळखते, पण तिला परिच्छेद जमत नाही. तिला निबंधावरून मागे का ठेवायचं? शिवाय लेखनाची परीक्षा ही अनेकदा घरच्या परिस्थितीची परीक्षा असते. न्यूयॉर्कमध्ये तेच झालं. १९९० च्या दशकाअखेर सिटी युनिव्हर्सिटीने चार वर्षांच्या पदवी कॉलेजांतून उपचारात्मक वर्ग काढून टाकायचं ठरवलं. लेखन किंवा गणिताची चाचणी पास न होणाऱ्यांना त्या कॉलेजांचं दार बंद झालं. अपेक्षा तीच राहिली, शिकवणं काढून घेतलं. अपेक्षेचं फाटक व्हायला एवढं पुरतं.

पण अपेक्षाच सोडून दिली तर काय होतं, तेही पाहायला हवं. लिहिणं हे फक्त माहिती पोहोचवण्याचं साधन नाही. वाचताना सगळं समजलंय असं वाटतं, लिहायला बसल्यावर कुठे काय अडलंय ते कळतं. महागाई का वाढते हे बहुपर्यायी प्रश्नात टिक करता येतं. तेच दहा ओळींत लिहायला सांगितलं की दुसऱ्या ओळीला आपल्याला कारण माहीत आहे, पण साखळी माहीत नाही, हे ध्यानात येतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर 'आता लिहायला शिकायचंच कशाला' असं म्हणणाऱ्यांना उत्तरही इथेच आहे. यंत्र परिच्छेद लिहून देतं, पण तो बरोबर आहे का हे ओळखायला स्वतः कधीतरी परिच्छेदाशी झुंजलेलं असावं लागतं.

आणि जो लिहू शकत नाही, त्याच्या वतीने नेहमी दुसरा कुणीतरी लिहितो. तलाठी कार्यालयाबाहेर अर्ज लिहून देणारे आजही बसतात. पदवीधर त्यांच्यापुढे रांगेत उभा असेल, तर त्याच्या पदवीत काहीतरी राहून गेलं आहे.

शिकवायचं कुणी?

अमेरिकन अनुभवातून हळूहळू एक गोष्ट पुढे आली. लेखन फक्त भाषेच्या प्राध्यापकावर सोडून चालत नाही. पहिल्या वर्षी एक वर्ग केला आणि पुढे तीन वर्षं कुणी काही लिहूनच घेतलं नाही, तर मिळवलेलं गंजून जातं. १९७० च्या दशकापासून तिथे 'प्रत्येक विषयात लेखन' ही चळवळ सुरू झाली. रसायनशास्त्राच्या मुलाने रसायनशास्त्रातलंच लिहावं, अर्थशास्त्राच्या मुलीने अर्थशास्त्रातलं, आणि ते त्या विषयाच्या शिक्षकाने वाचावं.

अमेरिकेतली नावाजलेली तंत्रशिक्षण संस्था एमआयटी याचं चांगलं उदाहरण आहे. २००१ पासून तिथे पदवीसाठी असे चार विषय पूर्ण करावे लागतात, ज्यांत लेखन आणि बोलणं हा मुख्य भाग असतो. दोन मानव्य शाखेतले आणि दोन विद्यार्थ्याच्या स्वतःच्या शाखेतले. मेकॅनिकलचा विद्यार्थी मेकॅनिकलचा अहवाल लिहितो, त्यावर शेरे मिळतात, तो पुन्हा लिहितो. पुन्हा लिहिणं महत्त्वाचं. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनेही १९९९ मध्ये, एकीकडे उपचारात्मक वर्ग काढत असतानाच, सगळ्या विषयांत लेखन आणण्याचा ठराव केला होता. पुढे २०२३ पर्यंत तिथले जुन्या पद्धतीचे उपचारात्मक वर्ग दोन वर्षांच्या कॉलेजांतूनही गेले. आता मागे पडलेला विद्यार्थी नेहमीच्या वर्गातच बसतो आणि सोबत जादा मदत घेतो.

महाराष्ट्रात गणित कुठे अडतं?

आपल्याकडचं कॉलेज लिहून घेत नाही असं नाही. उलट भरपूर लिहून घेतं. सहामाही परीक्षा, असाइनमेंट, जर्नल, प्रोजेक्ट. पण त्यातलं बरंचसं लेखन हे उतरवणं असतं. गाईडमधलं उत्तर पाठ करून पेपरात उतरवायचं, सीनिअरचं जर्नल आणून आपल्या जर्नलमध्ये उतरवायचं, आता चॅटजीपीटीवरून असाइनमेंटमध्ये. उत्तरपत्रिका कुणीतरी तपासतं, पण ती विद्यार्थ्याच्या हातात शेऱ्यांसकट परत येत नाही. येतो तो गुणांचा आकडा. फोटोकॉपी मागितली तर मिळते, पण ती गुण वाढवण्यासाठी मागितली जाते. आपलं दुसरं वाक्य का फसलं हे बघायला नाही.

भाषेचाही पेच आहे. बारावीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा सायन्स-कॉमर्सला आला की इंग्रजीत लिहायला लागतो. तो मुद्दा मांडायला शिकतोय की भाषा, हे त्यालाही कळत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. अशा वेळी पाठांतर हा त्याचा आळस नसतो, तो बचाव असतो.

नव्या शैक्षणिक धोरणात याची दखल आहे. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीच्या किमान १२० क्रेडिटपैकी ८ क्रेडिट भाषा आणि क्षमतावर्धनाच्या अभ्यासक्रमांना आहेत, आणि त्यांत चिकित्सक वाचन आणि शैक्षणिक लेखन यांचा उल्लेख आहे. कागदावर ही चांगली सुरुवात आहे. पण वेंडेल यांना भेडसावलेला प्रश्न इथेही दारातच उभा आहे. ८० मुलांचा वर्ग धरा. प्रत्येकाने महिन्याला फक्त दोन पानं लिहिली आणि शिक्षकाने ती वाचून शेरा द्यायला दहा मिनिटं घेतली, तर एका वर्गाला १३ तास २० मिनिटं लागतात. असे चार वर्ग असतील तर ५३ तासांच्या वर. त्यात शिक्षक तासिका तत्त्वावर असेल, तर या तासांचे पैसे त्याला कुणी देत नाही. तो शिकवलेल्या तासाचे पैसे घेतो, वाचलेल्या पानाचे नाही.

यावर उपाय अगदीच नाहीत असं नाही. दोन पानांऐवजी एक परिच्छेद लिहून घेता येतो. प्रत्येक चूक न दाखवता एका वेळी एकच गोष्ट सांगता येते. विद्यार्थ्यांना एकमेकांचं लेखन वाचायला देता येतं, तेही 'बरोबर का चूक' यासाठी नाही, तर 'इथे मला कळलं नाही' एवढं सांगण्यासाठी. काही शिक्षक हे स्वतःच्या हौसेने करतातही. विद्यापीठाच्या कामाच्या हिशोबात मात्र ते कुठेच धरलं जात नाही.

तोवर ही गरज बाजार भागवतो आहे. एमपीएससी वर्णनात्मक होणार हे पक्कं झाल्यापासून पुण्यातल्या पेठांमधल्या क्लासना उत्तरलेखनाचं नवं गिऱ्हाईक मिळालं. यूपीएससीसाठी हे आधीपासून चालतच होतं. टेस्ट सिरीजला पैसे भरायचे, घड्याळ लावून उत्तर लिहायचं, ते जमा करायचं आणि काही दिवसांनी समासात शेरे लिहिलेली आपलीच पानं परत घ्यायची.